इन्स्ट्रुमेंटेशनची नोकरी ते कंट्रोल थिअरीत पीएचडी: ‘पार्श्वभूमी’त नेमकं काय लिहायचं?

खाडीकाठ

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. नेरूळहून इन्स्ट्रुमेंटेशनची बी.ई., नंतर तळोजा एमआयडीसीत केमिकल बॅच प्लांटमध्ये ४ वर्षं डीसीएसवर (प्लांट चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेवर) काम, गेटचा इन्स्ट्रुमेंटेशन पेपर दिलेला. आता कंट्रोल थिअरीत (यंत्रणा आपोआप ताब्यात ठेवण्याच्या गणितात) पीएचडीसाठी अर्ज करायचा आहे. अर्जासोबत ‘शैक्षणिक व व्यावसायिक पार्श्वभूमी’ म्हणून दोन पानं लिहून द्यायची आहेत. तिचा पहिला खर्डा असा: अमुक डीसीएस हाताळली, ६०० आयओ (सिग्नलच्या जोडण्या), एफएटी (कारखान्यातली स्वीकृती चाचणी), लूप चेकिंग, कमिशनिंग, शटडाउन प्लॅनिंग, ऑडिट. खाली बी.ई.चे मार्क. हा नोकरीचा बायोडेटा वाटतो, पीएचडीचा नाही, इतकं मला कळतं. पण त्याऐवजी काय लिहायचं?

पारसिक

तुमचा अंदाज बरोबर आहे. निवड समितीला आयओ किती होते याचं काही घेणंदेणं नसतं. या उमेदवाराला प्लांटमध्ये प्रश्न दिसतो का, आणि दिसल्यावर तो गणितात मांडता येतो का, एवढंच ते पाहतात. चार वर्षांच्या कामातून दोन किंवा तीन लूप (मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) निवडा आणि प्रत्येकाबद्दल सांगा: मोजत काय होतो, हलवत काय होतो, बिघडलं काय, कारण काय निघालं, आणि आजही न सुटलेलं काय राहिलं. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा.

उदाहरण घेऊ. फ्लो लूप हंटिंग करतोय, म्हणजे प्रवाह सतत वर-खाली होतोय. ‘रिट्युनिंग करून लूप स्थिर केला’ असं वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. खरं तपासकाम असं असतं. आधी लूप मॅन्युअलला टाकायचा. हंटिंग थांबलं तर कारण लूपच्या आत आहे. चालूच राहिलं तर बाहेरून, शेजारच्या लूपमधून किंवा पंपाकडून येतंय. आत असेल तर ट्रेंडचा आकार बघायचा. फ्लो लूपमध्ये आउटपुट (व्हॉल्व्हला जाणारा आदेश) त्रिकोणी आणि पीव्ही (मोजलेला प्रवाह) चौकोनी दिसत असेल तर व्हॉल्व्ह चिकटतोय. कंट्रोलरमधलं इंटिग्रल (चूक साठवत जाणारा भाग) आउटपुट हळूहळू चढवत राहतं, स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) हलत नाही, मग एकदम उडी मारतं. खात्री करायची तर मॅन्युअलमध्ये आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने एकाच दिशेने सरकवा आणि पीव्ही कितव्या पावलाला हलतो ते मोजा, मग दिशा उलटवून पुन्हा. अशा वेळी गेन (कंट्रोलरच्या प्रतिसादाचा जोर) कमी केला तर हंटिंग संथ होतं, पण जात नाही. कारण ते मर्यादाचक्र (ठरावीक आकाराचं, आपोआप टिकणारं दोलन) आहे, रेषीय अस्थिरता नाही. ग्लँड पॅकिंग (स्टेमभोवतीचं गळतीरोधक भरण) जास्त आवळलंय का, पोझिशनर (व्हॉल्व्ह नेमक्या जागी नेणारं उपकरण) नीट आहे का, हे बघितल्यावाचून ट्युनिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

हे सगळं चार ओळींत बसतं. त्यापुढे ‘घर्षणाचं मॉडेल धरून या मर्यादाचक्राची वारंवारता आधी सांगता येईल का, हा प्रश्न राहिला’ अशी एक ओळ जोडली की वाचणाऱ्याला उमेदवार दिसतो.

येऊर_उतार

पारसिक यांच्याशी सहमत. आकडे द्यायचे असतील तर एककांसह द्या, यावर जास्त भर देईन. बॅच रिअॅक्टरचं जॅकेट (भांड्याभोवतीचं तापवायचं-गारवायचं आवरण) घ्या. व्हॉल्व्ह ५ टक्क्यांनी उघडला आणि तापमान शेवटी ४ अंशांनी बदललं, म्हणजे प्रक्रियेचा गेन ०.८ अंश प्रति टक्का. मृतकाळ (परिणाम दिसू लागेपर्यंतचा वेळ) दीड मिनिट, कालांक (बदल किती सावकाश होतो त्याचं माप) १२ मिनिटं. कंट्रोलचे अभ्यासक स्कोगेस्टाड यांच्या २००३ च्या ट्युनिंग नियमाने बंद लूपचा कालांक मृतकाळाइतकाच धरला, तर कंट्रोलर गेन १२ भागिले (०.८ गुणिले ३), म्हणजे ५ टक्के प्रति अंश. इंटिग्रल वेळ म्हणजे प्रक्रियेचा कालांक आणि बंद लूपचा कालांक व मृतकाळ यांच्या बेरजेची चौपट यांतला लहान आकडा. इथे दोन्ही १२ मिनिटंच येतात.

इथपर्यंत कागदावर सगळं ठीक. चूक होते ती डीसीएसमध्ये आकडा भरताना. तिथला गेन टक्क्याला टक्का असतो. ट्रान्समीटरची रेंज ० ते २०० अंश असेल तर १ अंश म्हणजे अर्धा टक्का, म्हणून भरायचा गेन ५ नव्हे, १०. आणि सिस्टिम प्रपोर्शनल बँड (१०० भागिले गेन) मागत असेल तर १० टक्के. इंटिग्रल मिनिटांत आहे की सेकंदांत, हेही बघा. १२ मिनिटांच्या जागी १२ सेकंद गेले की लूप नाचणारच. रेंज बदलली आणि गेन तसाच राहिला, ही चूक तर कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्जात असा एक हिशेब नीट मांडला तर ‘पीआयडी ट्युनिंगचा अनुभव’ हे शब्द लिहायची गरजच उरत नाही.

स्प्लिट रेंजचं काम केलं असेल तर तेही जरूर लिहा. वाफ आणि थंड पाणी एकाच आउटपुटवर असतात, ५० टक्क्यांच्या अलीकडे एक व्हॉल्व्ह आणि पलीकडे दुसरा. दोन्ही बाजूंचा गेन सारखा नसतो, त्यामुळे आउटपुट मध्यावर आलं की रिअॅक्टर तापव-गारव करत बसतो. अभ्यासाच्या भाषेत ही स्विच होणारी प्रणाली आहे. दोन स्थिर प्रणाल्यांमध्ये उड्या मारताना एकूण प्रणाली अस्थिर होऊ शकते, हा त्या विषयातला पहिला धडा. तळोजा किंवा टीटीसी (ठाणे-बेलापूर) पट्ट्यातल्या बॅच प्लांटवर काम केलेल्याकडे हा प्रश्न आपसूक असतो, फक्त त्याचं नाव माहीत नसतं.

खाडीकाठ

हे फार उपयोगी आहे, दोघांचे आभार. तिला भीती आहे ती गणिताची. बी.ई.ला लाप्लास, बोडे, रूट लोकस, थोडं स्टेट स्पेस. एवढ्यावर अर्ज करावा का?

रेल्वेपूल

अर्ज करावा, पण मुलाखतीच्या आत सहा महिने गणिताला द्यावेत. बी.ई.चं कंट्रोल साधारण १९४८ ला, इव्हान्स यांच्या रूट लोकसपाशी संपतं आणि स्टेट स्पेसची तोंडओळख होते. पीएचडीचा विषय १९६० च्या कालमन यांच्या स्टेट स्पेसवरच्या कामापासून पुढे सुरू होतो. मधला पूल दोन गोष्टींचा आहे: रेषीय बीजगणित आणि वास्तव विश्लेषण.

बीजगणितात ‘मॅट्रिक्स गुणून दाखवा’ नको. रेंज स्पेस, नल स्पेस, जॉर्डन रूप, सिंग्युलर व्हॅल्यू, धन निश्चित मॅट्रिक्स आणि शूर कॉम्प्लिमेंट हे हातातलं झालं पाहिजे. स्टेट फीडबॅकच्या स्थिरतेच्या अटीत पी (ल्यापुनोव फलनाचं मॅट्रिक्स) आणि के (कंट्रोलरचा गेन) एकमेकांना गुणलेले असतात, म्हणून ती थेट सोडवता येत नाही. पीचा व्यस्त एक्स घ्यायचा, के गुणिले एक्सला वाय म्हणायचं, की अट रेषीय होते. ही युक्ती पाठ करून चालत नाही, ती का चालते हे कळायला हवं. यालमिप किंवा सीव्हीएक्स या सॉफ्टवेअरने ‘सुटलं’ म्हटलं तरी शेवटी आयगेनव्हॅल्यू स्वतः तपासायच्या. सॉल्व्हर काटेकोर असमानता पाळत नाही, किंचित ऋण उत्तरही तो मान्य करून देतो.

विश्लेषणात एकसमान अभिसरण, संहतता, लिपशिट्झ अट. इथे नवख्यांच्या ठरलेल्या चुका आहेत. एक, फलनाचा अवकलज शून्याकडे गेला म्हणजे फलन कुठेतरी स्थिरावतं असं मानणं. साईन ऑफ लॉग टी घ्या: अवकलज शून्याकडे जातो, फलन कायम वर-खाली होत राहतं. दोन, ल्यापुनोव फलनाचा (स्थिरता तपासायच्या ऊर्जेसारख्या फलनाचा) अवकलज ऋण-अर्धनिश्चित मिळाला की ‘असिम्प्टॉटिक स्थिर’ लिहून मोकळं होणं. प्रणाली काळाबरोबर बदलत नसेल तर लासालचं तत्त्व मदतीला येतं. बदलत असेल तर ते तसंच्या तसं लागत नाही, बार्बालाटच्या लेमाने जावं लागतं, आणि त्यासाठी एकसमान सातत्य सिद्ध करायचं कष्टाचं काम करावंच लागतं.

तिसरी चूक सर्वांत शिकवून जाते: बदलत्या प्रणालीत प्रत्येक क्षणी आयगेनव्हॅल्यू डावीकडे (वास्तव भाग ऋण) आहेत, म्हणून स्थिर. दोन बाय दोनचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यात आयगेनव्हॅल्यूंचा वास्तव भाग कायम उणे ०.२५ असतो, आणि तरी एक उत्तर ई च्या टी भागिले २ घाताने वाढत जातं. ते स्वतः हाताने पडताळून पाहिलं की ‘सिद्ध करणे’ म्हणजे काय ते समजतं. तिने हे एक आठवड्यात केलं तर भीती बरीच जाईल.

सेक्टर_सतरा

एक वेगळा मुद्दा. हल्ली अर्जात ‘प्लांटचा पाच वर्षांचा डेटा वापरून मशीन लर्निंगने कंट्रोल’ असं लिहायची लाट आहे. बहिणीच्या खर्ड्यात ते असेल तर जपून.

खाडीकाठ

आहे. शेवटचा परिच्छेद तोच आहे.

सेक्टर_सतरा

मग तो परिच्छेद बदलायला लावा, किंवा त्यातला प्रश्न खरा करा. हिस्टोरियनमधल्या (प्लांटचे जुने आकडे साठवणाऱ्या यंत्रणेतल्या) डेटात दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. पहिली, कॉम्प्रेशन. ठरलेल्या पट्ट्याच्या आतला बदल साठवलाच जात नाही, नंतर दोन बिंदूंमध्ये सरळ रेघ ओढून दाखवली जाते. ज्या लूपचा मृतकाळ ३० सेकंद आहे, त्याचा मिनिटाला एक नमुना असलेला डेटा घेऊन तुम्ही मृतकाळ शोधणार कसा? दुसरी, सगळा डेटा बंद लूपमधला आणि स्थिर अवस्थेतला. इनपुट हलला तो डिस्टर्बन्समुळे. अशा डेटावर थेट मॉडेल बसवलं तर कधी कधी प्रक्रियेऐवजी कंट्रोलरचा व्यस्तच ओळखला जातो. वर्षं मोजून उपयोग नाही, इनपुटमध्ये पुरेशी हालचाल आहे का ते मोजायचं.

किती हालचाल पुरेशी, याचं काटेकोर उत्तर आहे. विलेम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मांडलेला मूलभूत लेमा सांगतो की कंट्रोलेबल (इनपुटने हव्या त्या अवस्थेत नेता येणाऱ्या) रेषीय प्रणालीचा इनपुट ठरावीक क्रमापर्यंत उत्तेजक, म्हणजे पुरेसा हलता असेल तर एका प्रयोगाच्या डेटातून प्रणालीची सगळी वर्तनं मिळतात. एक इनपुट, क्रम ४, आणि २० पावलांची खिडकी असेल तर किमान ४७ नमुने पुरतात. मात्र ते नमुने हलत्या इनपुटचे हवेत. थोडक्यात, पाच वर्षांच्या शांत डेटापेक्षा नीट आखलेली अर्ध्या तासाची टेस्ट जास्त मोलाची. हे ४७ आदर्श, गोंगाट नसलेल्या डेटासाठी. गोंगाट आला की काय होतं यावर आज भरपूर काम चालू आहे. बहिणीला डेटाकडून जायचंच असेल तर हा रस्ता प्रामाणिक आहे.

आणि कंपनीचा डेटा, टॅग नंबर, पी अँड आयडी (पाइप व उपकरणांचे आराखडे) यांतलं काहीही लेखी परवानगीशिवाय अर्जात नको. आकडे स्पॅनच्या (मोजायच्या रेंजच्या) टक्क्यांत लिहा, उत्पादनाचं नाव गाळा. शास्त्रीय मजकूर तेवढ्याने कमी होत नाही.

वागळे_नाका

जागांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ठाणे-नवी मुंबईत राहून तीन दारं जवळची.

पवईची आयआयटी: तिथे सिस्टिम्स अँड कंट्रोलचं स्वतंत्र केंद्रच आहे, शिवाय इलेक्ट्रिकलमध्ये कंट्रोलचा गट आहे. दोन्हीकडे अर्ज वेगवेगळा, मुलाखत वेगळी. ठाण्याहून कांजूरमार्गला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. ऐरोलीहून पूल ओलांडून मुलुंड आणि मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. तरी पहिलं वर्ष कोर्सवर्कचं असतं, हॉस्टेल मिळत असेल तर घ्या.

माटुंग्याची व्हीजेटीआय: इलेक्ट्रिकलमध्ये कंट्रोल सिस्टिम्सचं एम.टेक. आहे. पायाच कच्चा वाटत असेल तर आधी दोन वर्षं हे करून मग पीएचडी, हा मार्ग वेळखाऊ वाटला तरी वाया जात नाही. वाशी-नेरूळकडून हार्बरने वडाळ्याला गाडी बदलून किंग्ज सर्कल गाठता येतं.

तिसरं अणुशक्तीनगरचं होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट, २००५ पासूनचं अभिमत विद्यापीठ. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) प्रश्नांवर काम करायचं असेल तर.

पैशांचं: केंद्राच्या संस्थांत जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये. पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळाली तर ७०,००० पासून सुरुवात, वर वर्षाला २ लाखांचं संशोधन अनुदान. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो, तो कधी संपतो ते आधी बघा. नोकरी ठेवून एक्स्टर्नल म्हणून करायचं असेल तर कंपनीचं ना-हरकत पत्र आणि कंपनीत संशोधनाची सोय, दोन्ही लागतात. बॅच प्लांटच्या शिफ्टमध्ये हे जमणं कठीण. सिद्धान्ताच्या कामाला सलग चार तास लागतात, फोन वाजत राहिला तर एक लेमाही पुढे सरकत नाही. पूर्णवेळच करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पारसिक

बीएआरसीकडचे प्रश्न कसे असतात हे समजायला एक नमुना. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या ५४० मेगावॉटच्या आहेत. भट्टी एवढी मोठी की एकूण पॉवर स्थिर असतानाही ती एका बाजूला वाढते आणि दुसऱ्या बाजूला घटते. मूळ झेनॉनमध्ये. आयोडिन-१३५ चं अर्धायुष्य सुमारे ६.६ तास, त्यातून तयार होणारं झेनॉन-१३५ न्यूट्रॉन गिळतं आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे ९.१ तास. म्हणून हे हेलकावे तासांच्या हिशेबाने येतात. ते आवरायला १४ झोनमधल्या साध्या पाण्याची पातळी कमी-जास्त करतात. एका बाजूला सेकंदाच्या अंशात घडणारी न्यूट्रॉनची गती आणि दुसऱ्या बाजूला तासांचं झेनॉन, दोन्ही एकाच मॉडेलमध्ये. सरळ पोल प्लेसमेंट करायला गेलं तर आकडेच दगा देतात, कंट्रोलेबिलिटी मॅट्रिक्सचा रँक संगणक चुकीचा सांगतो. म्हणून आधी वेगवान आणि संथ भाग वेगळे करावे लागतात. सिंग्युलर पर्टर्बेशन हा विषय कशासाठी आहे, ते इथे कळतं.

रेल्वेपूल

मुलाखतीबद्दल. प्रश्न साधे असतात, उत्तरं खोलवर मागतात. फळ्यावर डबल इंटिग्रेटर काढतील आणि विचारतील, नुसता प्रपोर्शनल लावला तर काय? दोलन होत राहतं, थांबत नाही. डेरिव्हेटिव्ह का लागतं ते फेज प्लेनवर दाखवा. मग विचारतील, मर्यादित जोराने कमीत कमी वेळात मूळबिंदूला कसं न्याल? पूर्ण जोर एका दिशेने, मग जास्तीत जास्त एकदा उलटवणे. स्विच कुठे, तो वक्र काढता आला पाहिजे.

दुसरा आवडता प्रश्न: सतत प्रणाली कंट्रोलेबल आहे, सॅम्पल केल्यावरही राहील का? नेहमी नाही. हार्मोनिक ऑसिलेटर अर्ध्या आवर्तकाळाने सॅम्पल केला की कंट्रोलेबिलिटी जाते. प्लांटवाल्यांना विचारतातच असा तिसरा: अस्थिर पोल कंट्रोलरच्या झिरोने कापून टाकला तर? ट्रान्सफर फंक्शनमध्ये दिसेनासा होतो, पण आत तो वाढतच असतो.

उलटा लंबक प्रयोगशाळेत पाहिला असेल तर त्याचे आकडे तयार ठेवा. टोकाला वस्तुमान, दांडा ०.३ मीटर, तर अस्थिर पोल ९.८१ भागिले ०.३ चं वर्गमूळ, साधारण ५.७ रेडियन प्रति सेकंद. बँडविड्थ याच्या निदान दुप्पट लागते, म्हणजे ११ च्या वर. म्हणजे लूपमधला विलंब किती चालेल तेही लगेच सांगता येतं. ४०९६ काउंटचा एन्कोडर आणि १ मिलिसेकंदाचा सॅम्पल असेल तर वजाबाकीने काढलेला वेग १.५ रेडियन प्रति सेकंदाच्या पायऱ्यांनी उड्या मारतो. मोटर का किरकिरते याचं उत्तर तेच. सॅम्पल आणखी वेगवान केला तर हे वाढतं, कमी होत नाही. फिल्टर किंवा ऑब्झर्व्हर लावायचा.

एखादं उत्तर आलं नाही तर ‘इथपर्यंत येतं, पुढची पायरी अडते’ असं नेमकं सांगावं. समितीला अंदाजाने ठोकलेलं उत्तर लगेच ओळखू येतं.

खाडीकाठ

तिने काल रात्री एक परिच्छेद नव्याने लिहिला. परवानगीने इथे देते:

‘जॅकेटच्या तापमान लूपमध्ये वाफ व थंड पाणी एकाच आउटपुटवर होते. स्टेप टेस्टमध्ये वाफेकडचा गेन पाण्याकडच्या सुमारे तिप्पट आढळला. एकाच गेनने दोन्ही बाजू सांभाळता येत नव्हत्या. वाफेसाठी लावलेल्या ट्युनिंगवर पाण्याकडे लूप सुस्त होत असे. दोन गेन ठेवून बदल केला, त्याने मध्यावरचे हेलकावे कमी झाले, थांबले नाहीत. असा बदल कोणत्या अटींवर स्थिर राहतो, हे मला सिद्ध करता आले नाही. मला यावर काम करायचे आहे.’

येऊर_उतार

हा परिच्छेद उत्तम आहे. दोन दुरुस्त्या. ‘सुमारे तिप्पट’ ऐवजी दोन्ही गेन अंश प्रति टक्का या एककात द्या आणि स्टेप किती टक्क्यांची होती ते लिहा. दुसरं, मध्यावर दोन्ही व्हॉल्व्ह बंद असण्याचा मृतपट्टा ठेवला होता का? उरलेले हेलकावे गेनच्या उडीमुळे नसून त्या पट्ट्यामुळेही असू शकतात, मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येईल. ट्रेंडमध्ये आउटपुट ४८ ते ५२ च्या दरम्यान किती वेळ रेंगाळतं ते तिला बघायला सांगा. कॉम्प्रेस केलेल्या ट्रेंडमध्ये नको, शक्य असेल तर कंट्रोलरवरच्या थेट ट्रेंडमध्ये.

खाडीकाठ

मृतपट्टा २ टक्क्यांचा होता म्हणते. ट्रेंड सोमवारच्या शिफ्टला बघून सांगेल.